त्र्यंबकच्या वाटेवर घोडे-भटकंती मंडळ : काढण्यापूर्वी काय ठरवावे?



गळीत हंगाम आटोपला, उसाच्या गाड्या थांबल्या, की आपल्या तरुण मंडळींच्या डोक्यात नवेनवे बेत येतात. त्यातला एक बेत अलीकडे वारंवार कानावर येतो. आठ-दहा जणांनी मिळून घोडे घ्यायचे, त्र्यंबकेश्वरच्या बाजूला दोन-तीन दिवस घोड्यावरून हिंडायचे, रात्री तळ टाकून राहायचे आणि यासाठी रीतसर मंडळ काढायचे. असे मंडळ काढता येते का, असा प्रश्न आम्हांला विचारला जातो.

उत्तर सोपे आहे. काढता येते, आणि काढावेही. बेत चांगला आहे. न फिरवल्यामुळे पान सडते, भाकरी करपते आणि घोडा अडतो, हे कोडे आपण सगळ्यांनीच लहानपणी घातलेले आहे. माणसाचेही तेच. पण आपल्याकडे अशा कामात आधी घोडा येतो आणि मग बाकीचा विचार. म्हणून मंडळ काढण्यापूर्वी कोणत्या गोष्टी ठरवायच्या, त्या येथे क्रमाने मांडतो. सुरुवात आमच्याच चुकीपासून करू.

आमची घोडी का गेली

आम्ही पाचजणांनी वर्गणी काढून सारंगखेड्याच्या बाजारातून एक घोडी आणली होती. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला हा घोडेबाजार भरतो, तो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. घोडी चांगली होती. स्वभावाने गरीब, चालीला मऊ. पाचजणांची घोडी म्हणून गावात कौतुक झाले. पहिले दोन महिने रोज कोणी ना कोणी तिला फिरवीत होते.

मग ऊसतोडणी लागली. ज्याला वेळ मिळेल तो चारा टाकी. इतके दिवस कोरड्या कडब्यावर असलेल्या घोडीपुढे एके दिवशी उसाच्या हिरव्या वाढ्यांचा ढीग पडला. त्याच दिवशी एका घरी लग्न होते. तिथला उरलेला भात आणि पोळ्या कोणीतरी मायेने तिला घातल्या. संध्याकाळी ती सारखी मागे वळून कुशीकडे पाहत होती, पाय आपटीत होती. पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटले, दुसऱ्याने डॉक्टरांना कळवले असेल. रात्री ती लोळू लागली. घामाने भिजली. पहाटे डॉक्टर आले तेव्हा काही करण्यासारखे उरले नव्हते.

याला पोटशूळ म्हणतात. घोड्याला ओकता येत नाही, आणि गाय-बैलासारखा तो रवंथही करीत नाही. एकदम बदललेला चारा किंवा जास्त झालेले धान्य त्याच्या पोटात आंबते, वायू धरतो, आणि काही तासांत जीव जातो. हे आम्हांला नंतर कळले. पण खरे कारण याहून साधे होते. घोडी पाचजणांची होती, म्हणजे कोणाचीच नव्हती. दाणावैरण कोणी पाहायची, डॉक्टरांना कोणी बोलवायचे, हे आम्ही ठरवलेच नव्हते. मंडळ काढायचे ते एवढ्यासाठीच. हौस प्रत्येकाची वेगळी असू शकते, जबाबदारी मात्र नावानिशी वाटून दिलेली पाहिजे.

असे मंडळ म्हणजे काय

हे शर्यतीचे मंडळ नाही आणि वरातीला घोडे पुरवण्याचा धंदाही नाही. आपले किंवा मंडळाचे घोडे घेऊन ठरलेल्या वाटेने सावकाश जायचे, मुक्काम करायचा, घोड्याची सेवा स्वतः करायची आणि वाट जशी होती तशी मागे ठेवायची, एवढेच त्याचे काम.

अमेरिकेत अशी मंडळे पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकाची हकिकत आपल्या उपयोगाची आहे. तिथे १९६४ मध्ये रानाच्या संरक्षणाचा मोठा कायदा झाला. पुढे रानात भटकणाऱ्यांची संख्या वाढली आणि घोडेवाल्यांवर आरोप होऊ लागले, की यांचे घोडे गवत तुडवतात, झाडांना बांधून मुळे उघडी पाडतात, पाणवठे घाण करतात. घोड्यांना रानात बंदी येते की काय, अशी वेळ आली. तेव्हा माँटाना राज्यातल्या फ्लॅटहेड खोऱ्यातील घोडेवाले १९७३ मध्ये एकत्र आले आणि त्यांनी ‘बॅक कंट्री हॉर्समेन’ नावाची संस्था काढली. नुसते भांडत बसण्यापेक्षा त्यांनी आधी स्वतःला शिस्त लावून घेतली. रानात कसे वागावे याचे नियम केले, ते आपल्या लोकांना शिकवले, आणि वाटेत आडवी पडलेली झाडे तोडून वाटा मोकळ्या करण्याचे काम अंगावर घेतले. आज त्या संस्थेच्या शाखा अनेक राज्यांत आहेत.

यातला बोध असा : वाट आपली नसते, ती वापरण्याची मुभा मिळवावी लागते, आणि चांगल्या वागण्याने टिकवावी लागते.

आपला जुना धडा

पण घोडे, चाल आणि तळ यांची व्यवस्था शिकायला सातासमुद्रापार जायची गरज नाही. ती आपल्या वारीत आहे. त्र्यंबकेश्वर हे निवृत्तिनाथांच्या समाधीचे ठिकाण. त्यांची पालखी दरवर्षी ज्येष्ठात तिथून निघून पायी पंढरपुरास जाते. त्यांचे धाकटे बंधू ज्ञानेश्वर माउली यांच्या आळंदीच्या सोहळ्याला आजचे शिस्तीचे रूप दिले ते हैबतबाबा आरफळकरांनी, १८३२ च्या सुमारास. सातारा भागातल्या आरफळचे हे गृहस्थ शिंद्यांच्या पदरी होते. त्यांना साथ दिली अंकलीच्या शितोळे सरकारांनी. त्यांनी घोडे दिले, तंबू दिला. अंकली हे आज कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात येते. तिथून सोहळ्याचे दोन अश्व आजही दरवर्षी सुमारे तीनशे किलोमीटर पायी चालत आळंदीला येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्या माउलींच्या अश्वावर कोणी बसत नाही.

आता मुक्कामाची रीत पाहा. दिंड्यांचे क्रमांक ठरलेले, रथापुढे कोण आणि मागे कोण हे ठरलेले. संध्याकाळी तळावर समाज आरती होते. चोपदाराने चोप उंचावला, की हजारोंचा समुदाय गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात, आणि चोपदार तिकडे जाऊन तक्रार ऐकून घेतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू तिथेच पुकारल्या जातात. मग आरती होते. म्हणजे दिवस संपण्याआधी दिवसाचा हिशेब चुकता. आमच्या पाचजणांत रोज संध्याकाळी अशी एक बैठक होत असती, तर ‘घोडी कुशीकडे बघते आहे’ हे कोणीतरी बोलले असते.

तेव्हा मंडळ काढताना तीन गोष्टी आधी कागदावर ठरवाव्यात : घोडा, वाट आणि तळ.

पहिली गोष्ट : घोडा

(१) वजनाचा हिशेब. घोड्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यात खोगीरही आले. तीनशे किलोच्या तट्टावर साठ किलो भार बसतो. खोगीर-सामान दहा किलो धरले, तर स्वार पन्नास किलोचा हवा. म्हणजे आपल्यातल्या सत्तर किलोच्या गड्याला चारशे किलोचा घोडा लागतो. त्याहून भारी गड्याने पायी चालावे, त्यात कमीपणा नाही. ओझ्याच्या जनावरांविषयी १९६५ चे सरकारी नियम आहेत, त्यांत तट्टावर लादायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ७० किलो आहे. त्याच नियमांनुसार दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचे नाही. बैलगाडीवाल्या सभासदांना हे नियम ठाऊक आहेतच.

(२) जात. दिसायला देखणा म्हणून मारवाडी किंवा काठेवाडी घोड्याकडे ओढ असते. ते घोडे चांगलेच आहेत. पण आपल्या दख्खनच्या भीमथडी तट्टालाही विसरू नये. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या बाजूच्या धनगर बांधवांनी मेंढरांबरोबर बिऱ्हाड वाहायला हे तट्टू पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. राष्ट्रीय पातळीवर त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदही आता झालेली आहे. काटक, कमी खाणारे, खडकाळ वाटेला पक्के. हलक्या स्वारांना आणि सामान वाहायला ते उत्तम.

(३) चारा. घोड्याला रोज वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडा चारा लागतो. तीनशे किलोच्या तट्टाला सहा किलो, म्हणजे वर्षाला सव्वादोन टनांच्या आसपास. शिवाय कामाच्या दिवसात चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक. टनाचा हिशेब आपल्याला शिकवायला नको. विकत घ्यायचा कडबा आणि घरचा चारा यांची बेरीज घोडा आणण्याआधी करावी.

इथे एक सूचना. आपल्याकडे वाढे फुकट आणि मुबलक, म्हणून घोड्यापुढे तेच टाकायचा मोह होतो. वाढ्यात ऑक्झॅलिक आम्ल असते, ते अंगातला चुना बांधून ठेवते. बैलांना आणि म्हशींना आपण चुन्याची निवळी देतो ती यासाठीच. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू त्यातले बरेचसे आम्ल मोडून टाकतात, घोड्याला ती सोय नाही. तेव्हा वाढे हा घोड्याचा मुख्य चारा कधीच करू नये. कोणताही चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा.

(४) रोग. घोड्यांना शेंबा, म्हणजे ग्लँडर्स, हा रोग होतो आणि तो माणसालाही लागतो. त्यावर लस नाही. रक्ततपासणीत रोग ठरला तर जनावर मारावेच लागते, आणि २००९ च्या कायद्याप्रमाणे तो कळवणे बंधनकारक आहे. म्हणून बाजारातून घोडा आणण्यापूर्वी रक्त तपासून घ्या, आणल्यावर काही दिवस इतरांपासून वेगळा बांधा. पावसाळ्यात गोमाशांमुळे तिबरसा होतो. धनुर्वाताची भीती घोड्याला फार, त्याची लस चुकवू नये. नाल सहा ते आठ आठवड्यांनी बदलावे लागतात. तेव्हा आपल्या भागात नालबंद कोण आहे, हे आधी शोधा. नालबंद नसेल तर मंडळ काढण्याची घाई करू नका.

दुसरी गोष्ट : वाट

नाशिकहून त्र्यंबक २८ किलोमीटर. ब्रह्मगिरीची लहान फेरी सुमारे २० किलोमीटरची, मोठी त्याच्या जवळजवळ दुप्पट. पहिने, धाडोशी या बाजूने ही वाट जाते. नकाशावर पाहिले तर घोड्यासाठी आयतीच वाट वाटते. पण काही गोष्टी नीट लक्षात घ्या.

श्रावणात, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, ही वाट अनवाणी चालणाऱ्या भाविकांनी भरलेली असते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा असते, तेव्हा शेकडो दिंड्या त्र्यंबकला येतात. महाशिवरात्रीचे सांगायलाच नको. या दिवसांत घोडे तिकडे नेऊ नयेत. २०२६ पासूनच्या सिंहस्थाच्या पर्वकाळातही नाही. गर्दीत एक घोडा बुजला, तर काय होईल ते सांगायला नको.

डोंगरावर चढायचे तर घोडा खाली ठेवावा. ब्रह्मगिरीला पायऱ्या आहेत, हरिहरच्या पायऱ्या तर कड्यात उभ्या कोरलेल्या. अंजनेरीवर २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथे कंदीलपुष्पाची एक जात आहे, तिचे शास्त्रीय नावच अंजनेरीवरून पडले आहे. गिधाडांची घरटीही आहेत. एका घोड्याने तासभर चरले तरी अशा ठिकाणी भरून न येणारे नुकसान होते. तेव्हा वनविभागाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय वनजमिनीत पाऊल टाकू नये.

त्र्यंबक तालुका हा अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिलेले आहेत. पाड्यावरच्या लोकांना आधी भेटा. भात, नागली, वरई ही त्यांची पिके. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी चालते, खाचरात ओल असते. बांध तुडवला तर घोडेवाल्यांचे नाव कायमचे खराब होईल.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट पाण्याची. त्र्यंबकला पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, पण तो खडकावरून वाहून जातो. तो खाली गंगापूर धरणात येतो, तिथून पाट निघतात, आणि आपल्यातल्या कित्येकांचा ऊस त्यावर पिकतो. वरच्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात बायाबापड्या हंड्यासाठी कोसभर चालतात. कामाच्या घोड्याला दिवसाला २५ ते ३० लिटर पाणी लागते. आठ घोडे म्हणजे दोनशे चाळीस लिटर. चैत्र-वैशाखात पाड्याच्या विहिरीवर आठ घोडे पाजायचे, हे पाप होईल. त्यांच्याच डोंगराचे पाणी आपण वर्षभर पाटाने घेतो. म्हणून भटकंतीचा हंगाम कार्तिक ते माघ एवढाच ठेवावा, यात्रेचे दिवस वगळून. पाणी धरणाच्या फुगवट्याकडचे घ्यावे किंवा सोबत न्यावे.

चालीचा हिशेब ताशी पाच-सहा किलोमीटर. नव्या मंडळाने दिवसाला १५ ते २० किलोमीटरांच्या वर जाऊ नये.

तिसरी गोष्ट : तळ

तळ दिवस मावळायच्या दोन तास आधी पडला पाहिजे. आधी घोडा, मग माणूस, हा नियम. तंग सैल करून घोडा निववायचा, पाठ पाहायची, खोगिराने कुठे घासले आहे का ते हाताने चाचपायचे. खूर साफ करायचे. मग पाणी, मग चारा, आणि चंदी सर्वांत शेवटी तोबऱ्यातून. खरारा सकाळी आणि संध्याकाळी.

घोडे झाडाला बांधू नयेत. पूर्वी लष्कराच्या तळात घोडे आगाडी-पिछाडीने बांधीत, तीच रीत बरी. जमिनीत मेखा ठोकून दोर ताणावा. पाणवठ्यापासून तळ दोनशे पावले तरी लांब असावा. निघताना लीद गोळा करून शेतकऱ्याच्या उकिरड्यात द्यावी. तो दुवा देईल. चुलीची राख विझवून पुरावी.

रात्रीचा पहारा नेमून द्यावा. आणि झोपण्यापूर्वी सगळ्यांनी गोल उभे राहून दिवसाचा हिशेब द्यावा : कोणाचा घोडा लंगडला, कोणाचा खात नाही, कोणाची कोणाविरुद्ध तक्रार आहे. आपल्या समाज आरतीसारखेच.

मंडळात एकाला ‘घोडेपाल’ नेमावे. घोडा पुढे जायचा की नाही, हे तो सांगेल ते शेवटचे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५५ पासून एका दिवसात शंभर मैलांची घोडदौड होते, तिथे वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य घोडा तपासतात. घोडा पुढे जाण्याजोगा नाही, असे पशुवैद्याने सांगितले, की स्वार कितीही मोठा असो, त्याला उतरावे लागते. आपल्याकडे केदारनाथच्या वाटेवर २०२२ च्या यात्रेत किती खेचरे मेली, ते वर्तमानपत्रांत आले होते. पाणी नाही, विसावा नाही, एका दिवसात खेपांवर खेपा. तीर्थाच्या वाटेवर कमाईचा मोह पडला, की असे होते. त्र्यंबकलाही तीर्थ आहे आणि मोह आहे. म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

नोंदणी आणि पैसा

फक्त हौसेसाठी आणि शिकण्या-शिकवण्यासाठी मंडळ असेल, तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जणांनी नोंदणी करावी. त्यासोबत धर्मादाय कार्यालयात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. घोडे भाड्याने देऊन सभासदांना उत्पन्न मिळावे असा हेतू असेल, तर १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचा विचार करावा. त्यासाठी वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहाजण लागतात. हा कायदा आपल्या घरचाच आहे. बाहेरच्यांना पैसे घेऊन नेणार असाल, तर राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ चे साहसी पर्यटन धोरण पाहावे, आणि आपला उपक्रम त्यात कसा बसतो ते पर्यटन संचालनालयाच्या नाशिक कार्यालयात आधी विचारावे.

शिकवणारे लोक आपल्या जवळ आहेत. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये १९३७ पासून मुलांना घडवतात, तिथे घोडेस्वारीचा वारसा आहे. अशा ठिकाणी जाणकारांना भेटून सल्ला घ्यावा. पडण्याचे शिक्षण मैदानात घ्यावे, डोंगरात नाही. डोक्यावर शिरस्त्राण हवेच. स्वारांचा आणि घोड्यांचा विमा उतरवावा.

वर्गणीत तीन खाती वेगळी ठेवा : चारा, औषधपाणी आणि अडचणीचा निधी. वर्षभराचा चारा खात्यात जमा झाल्याशिवाय घोडा विकत घ्यायचा नाही, असे पोटनियमात घाला. आणि सभासद निवडून घ्या. नुसती नावे वाढवली तर ती खोगीरभरती होईल. ज्याला सकाळी साडेपाचला उठून खरारा करायचा नाही, त्याला बसायलाही देऊ नये.

शेवटी

आपला कारखाना उभा राहिला तेव्हा आपल्या वाडवडिलांनी आधी भागभांडवल जमवले, ऊस किती मिळेल तो मोजला, पाणी पाहिले, आणि मगच यंत्रे आणली. १९५० मध्ये प्रवरेला पहिला सहकारी कारखाना सुरू झाला, तोही असाच. घोड्यांच्या मंडळालाही तीच रीत लागू आहे. आधी माणसे, मग नियम, मग चारा, आणि सगळ्यांत शेवटी घोडा.

आमच्या घोडीचा खुंटा अजून गोठ्यात आहे. आम्ही तो काढलेला नाही. नव्या मुलांनी मंडळ काढले, तर पहिले नाव आमचे घाला. पण आम्ही स्वार म्हणून येणार नाही. रात्रीच्या पहाऱ्यावर येऊ.